टाकी लावलेला दात

पोलादपूर तालुक्यातलं कुडपण हे सह्याद्रीला अगदी चिकटून बसलेलं गाव. तानाजी मालुसऱ्यांच्या शेलारमामांचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. इथं घरोघरी नाचणी दळली जायची ती काळ्या दगडाच्या जात्यावर. दळून दळून दगडाचे दात गेले की दाणा नुसता घरंगळायचा आणि पीठ जाडंभरडं पडायचं. मग पाथरवट यायचा, जातं उघडून दोन्ही दगडांच्या तोंडावर टाकीनं बारीक बारीक घाव घालायचा. गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरबरीत करायचा, याचं नाव टाकी लावणं. त्यानंतरचं पहिलं पीठ मात्र कुणी खायचं नाही, कारण त्यात दगडाची कच असते.

पाथरवटाची फेरी आता थांबली. दळण गिरणीत जातं. टाकी लावायचं काम मात्र संपलेलं नाही. पडलेल्या दाढेच्या जागी दंतवैद्य जबड्यात टायटॅनियमचा जो स्क्रू बसवतात, त्याला आजही टाकी लावलेली असते. फक्त तिचे घाव डोळ्यांना दिसत नाहीत. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांएवढे ते खड्डे.

धातू आपल्याला परका नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू पसरलेली दिसते, तिच्यातलं इल्मेनाइट हे टायटॅनियमचंच खनिज. तशाच काळ्या वाळूत, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात, विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला 1791 मध्ये या धातूचा सुगावा लागला. चार वर्षांनी क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्याला ग्रीक पुराणातल्या टायटनांचं नाव दिलं.

हाडाशी त्याची सोयरीक जुळली ती फार उशिरा. 1951 मध्ये लेव्हेंथल या अमेरिकी शल्यविशारदानं उंदरांच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू घातले. सहा आठवड्यांनी ते होते त्याहून किंचित घट्ट लागले, बारा आठवड्यांनी काढायला जड गेले आणि सोळा आठवड्यांनी एक काढायला जावं तर हाडच मोडलं. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडात रक्त कसं खेळतं ते पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची महागडी नळी काढून पुन्हा वापरायची होती. ती सुटेना. हाड तिला येऊन भिडलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. या घडामोडीला पुढे 'ऑसिओइंटिग्रेशन' असं भारदस्त नाव मिळालं. राबातलं रोप उपटून खाचरात लावणारी बाई दोनच शब्दांत सांगेल : जीव धरला.

पण हा जीव धरायला वेळ फार लागे. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा. तोवर स्क्रूवर दात चढवायचा नाही. ब्रोनेमार्क यांचे स्क्रू लेथवर कातलेले होते, जवळजवळ गुळगुळीत. खरबरीतपणा असलाच तर कातताना उमटलेल्या रेघांचा.

पुढची खटपट चालली ती या गुळगुळीतपणाविरुद्ध. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या आंद्रे श्रोडर यांच्या प्रयत्नांतून 1970च्या दशकात स्क्रूवर वितळलेल्या टायटॅनियमचे कण फवारले जाऊ लागले. कुणी हाडातल्याच कॅल्शियम फॉस्फेटचा लेप देऊन पाहिला. मग 1991 मध्ये बर्नच्याच डॅनियल बुसर आणि सहकाऱ्यांनी सहा तऱ्हांचे पृष्ठभाग छोट्या जातीच्या डुकरांच्या हाडांत शेजारी शेजारी बसवून त्यांची तुलना केली. विजेनं चकचकीत केलेल्या धातूला 20 ते 25 टक्के जागीच हाड भिडलं. आधी जाड कणांचा मारा आणि मग आम्लात बुडवणं, अशी दुहेरी टाकी लावलेल्याला 50 ते 60 टक्के. लेपवाला 60 ते 70 टक्क्यांवर गेला खरा, पण त्याचा लेपच विरू लागल्याच्या खुणा दिसल्या. दुहेरी टाकीनं बाजी मारली आणि बारा आठवड्यांची वाट सहावर आली.

खड्डे करतात काय? जात्याचे घाव दाण्याला चावतात. इथले घाव धरून ठेवतात. गिलावा बसावा म्हणून गवंडी सिमेंटच्या खांबाला टाचे मारतो, तसं. हाडाला भोक पाडलं की तिथं रक्त गोठतं आणि गोठलेलं रक्त आकसतं. धातू गुळगुळीत असेल तर आकसताना रक्ताच्या गुठळीतले धागे सुटून येतात, आणि हाडाला भोकाच्या कडेपासून हळूहळू सरकत यावं लागतं. खरबरीत धातूला धागे घट्ट धरून राहतात. त्या धाग्यांवरून चालत पेशी थेट धातूपर्यंत पोचतात आणि तिथंच नवं हाड घालायला बसतात.

पण रक्त आधी धातूला नीट भिजवायला हवं. ताजा धातू हवेत राहिला की हवेतली कार्बनी संयुगं त्यावर बसतात आणि पाणी त्यावर अळवाच्या पानावरल्यासारखं थेंब होऊन राहतं. म्हणून 2005च्या सुमारास काही स्क्रू मिठाच्या पाण्यातच बुडवून विकायला आले. त्यांची वाट तीन-चार आठवड्यांवर आली.

घाव किती खोल घालायचे, हाही प्रश्न होताच. स्वीडनचे आल्ब्रेक्टसन आणि वेनेरबर्ग यांनी 2004 मध्ये तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. सरासरी एक ते दोन मायक्रॉन खरबरीतपणा सर्वांत चांगला, त्याहून कमी नको, जास्तही नको, असा त्यांचा निष्कर्ष. आणि जे खड्डे हाडाला धरतात, तेच हिरडीतून डोकं वर काढलं तर जंतूंनाही आसरा देतात. मग स्क्रूभोवतीचं हाड झिजू लागतं. म्हणून कित्येक स्क्रूंची मान गुळगुळीत ठेवतात आणि टाकी हाडात बुडणाऱ्या अंगालाच लावतात. पाथरवटही दळणाऱ्या तोंडालाच टाकी लावायचा.

राहिली कच. मारा करायला वापरलेले अ‍ॅल्युमिनाचे कण धातूत रुतून बसतात. आम्लात ते बरेचसे सुटतात, सगळे नाही. यावर काही कारखानदारांनी मारा करायलाच टायटॅनियमच्या ऑक्साइडचे कण घेतले, म्हणजे उरलं तरी घरचंच उरावं. कुडपणच्या बायका ही अडचण पहिलं पीठ टाकून देऊन सोडवत होत्या.