ओळख : कोरलेली, तपासलेली, मोजलेली

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांचे लेख आम्ही साहित्याचे अभ्यासक सहसा प्राकृत भाषेचा नमुना म्हणून वाचतो. परंतु ते आत्मपरिचयाचेही लेख आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त आपले गाव कल्याण आणि पिता हेरणिक असल्याचे सांगतो. मानमोडीच्या डोंगरावर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम आपले गोत्र, पद, स्वामी आणि ४६ हे वर्ष नोंदवतो. त्याच डोंगरावरील चंद मात्र नावाला ‘यवन’ एवढा एकच शब्द जोडून थांबतो. धान्यविक्रेत्यांची श्रेणी तर एकाही सभासदाचे नाव न देता सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान करते. स्वतःविषयी किती सांगायचे, याचे माप ज्याचे त्याच्याकडे होते, असे या लेखांवरून दिसते.

याच जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्या महादेव कोळी समाजाला हे स्वातंत्र्य उरलेले नाही. अनुसूचित जमातीचे खोटे दावे वाढले, खऱ्या आदिवासींच्या जागा जाऊ लागल्या, म्हणून नुसते सांगणे अपुरे ठरले. महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये पडताळणी समिती आणि दक्षता पथकाची कार्यपद्धती घालून दिली. तेव्हापासून शाळेचे दाखले, महसुली नोंदी आणि चालीरीतींची विचारपूस यांवर ओळख ठरते. ज्याच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, त्याने कागद कोठून आणावा?

तिसरी रीत देहाची. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले ‘आधार’ क्रमांक दिले गेले. बारा आकडे, बोटांचे ठसे, बुबुळाची प्रतिमा. येथे जात, गोत्र वा कुळी विचारली जात नाही. वंशाच्या पुराव्याने थकलेल्या माणसास ही मोठीच मोकळीक होय. परंतु भातशेतीत आणि मजुरीत झिजलेले बोट यंत्राला पटले नाही, तर सारे गाव ओळखत असलेला माणूसही स्वस्त धान्य दुकानासमोर अनोळखी ठरतो. शिवाय एकच क्रमांक सर्वत्र दिला, तर निरनिराळ्या व्यवहारांचे धागे एकत्र गुंफता येतात.

मग निवड कशाची करावी? खोटा दावा रोखण्यासाठी तपासणी हवी, हे आम्ही नाकारत नाही. मात्र जेवढे काम, तेवढीच ओळख मागितली जावी. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला; २०१८ मध्ये मूळ क्रमांक झाकणारा सोळा आकडी आभासी क्रमांक उपलब्ध झाला. ही दिशा आम्हांस योग्य वाटते. त्याचबरोबर यंत्र नाही म्हणाले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरण्याची वाटही खुली असावी. चंदाने ‘यवन’ म्हटल्यावर त्याचे दान लेण्यात सामावले गेले. पोटासाठी रांगेत उभ्या असलेल्याला त्याहून अधिक कठोर कसोटी लावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.