शहरात वणवा लागतो का?

लोणंदच्या एखाद्या वर्गात 'वणवा म्हणजे काय?' असं विचारलं, तर मुलांना पुस्तक उघडावं लागणार नाही. फाल्गुनात डोंगरावरचं कुसळीचं गवत वाळलेलं असतं. विडीचं एक थोटूक पुरतं. आता त्याच वर्गात 'कॉन्फ्लॅग्रेशन' हा इंग्रजी शब्द आला आणि एखाद्या मुलीनं त्याचा अर्थ 'वणवा' असा लिहिला, तर आपण काय करू? बहुधा लाल रेघ मारून 'मोठी आग' लिहू. शहरात कुठला आलाय वणवा!

इथं थोडं थांबायला हवं. शब्दाच्या मुळाशी 'धगधगणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. पण अग्निशमनाच्या शास्त्रात नुसता आगीचा आकार पाहत नाहीत. रस्ता, भिंत, मोकळी जागा ओलांडून आग अनेक इमारतींवर पसरली, तरच तिला हे नाव देतात. 1828 साली पुण्याचा शनिवारवाडा जळाला. आग प्रचंडच, पण आठवण राहिली ती एका वाड्याच्या आगीची. तट आजही उभा आहे.

मुंबईत 17 फेब्रुवारी 1803 रोजी घडलं ते वेगळं. तेव्हाचं शहर तटबंदीच्या आत होतं. घरं दाटीची, लाकूड भरपूर. आगीनं त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग गिळला. ज्वाळा न पोहोचताही समोरचं घर कसं पेटतं? आपण शिकवतो ते प्रारण इथं दिसतं: समोरच्या ज्वाळांच्या धगीनं लाकूड तापत जातं. आधीच तापलेल्या त्या लाकडावर वाऱ्यानं आलेली ठिणगी पडली, की झालं. डोंगरावर वणवा चढणीला जोरात धावतो, त्यामागंही हेच आहे. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात आणि ते आधीच तापवून ठेवतात.

पाण्यानं भागेना, तेव्हा मुंबईत तोफा लावून आगीभोवतालची घरं पाडली. रानात गवत काढून जाळरेषा आखतात, तीच ही युक्ती. फक्त गवताच्या जागी माणसांची घरं होती. ज्यांची पाडली, त्यांची समजूत कशी घातली असेल कोण जाणे.

तेव्हा त्या मुलीचे गुण कापू नयेत. लढाई देशोदेशी पसरली की इंग्रजीत हाच शब्द येतो, आणि आपणही 'युद्धाचा वणवा' म्हणतोच.

आगीनंतर पुष्कळ वस्ती किल्ल्याबाहेर, मैदानापलीकडे उत्तरेला सरकली. तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं ते मैदान आज तुकड्यातुकड्यांनी उरलं आहे: ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान.