काळ्या पाण्याकाठचा एक डोंगरमाथा

अंदमान म्हटले की मराठी मनासमोर प्रथम उभे राहतात ते कोलू, काथ्या आणि सेल्युलर जेलमधील कोठडी. त्या बेटांना निसर्गाने मुक्त हस्ताने सौंदर्य दिले आहे, ही गोष्ट त्यामानाने उशिरा ध्यानात येते. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरम्‌च्या, बंदरापलीकडे उत्तरेस सुमारे १,२०० फूट उंचीचा एक वनाच्छादित डोंगर आहे. बांबू फ्लॅटच्या धक्क्यावर उतरून प्रवासी त्याच्या माथ्याकडे जातात. वाटेवरून नॉर्थ बेचा दीपस्तंभ, नारळीची झाडे आणि निळा समुद्र दिसतो. २००१ मध्ये निघालेल्या वीस रुपयांच्या तांबूस नोटेच्या पाठीवर हेच दृश्य छापलेले होते. दीडशेहून अधिक वर्षे या डोंगराला माउंट हॅरिएट म्हणत.

हे नाव आले हॅरिएट टायटलर या इंग्रज बाईवरून. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात ती इंग्रजी छावणीत होती आणि तेथेच, एका बैलगाडीत, तिला मुलगा झाला. पुढे तिचा पती कर्नल रॉबर्ट टायटलर १८६२ ते १८६४ या काळात अंदमानचा सुपरिंटेंडंट झाला. दैवयोग असा, की ज्या उठावातून ही बाई वाचली, त्याच उठावातील बंदिवानांना घेऊन डॉक्टर वॉकरने मार्च १८५८ मध्ये ही वसाहत स्थापिली होती. बंदिवानांनी जंगल तोडावे, तापाने मरावे, आणि मोकळ्या झालेल्या माथ्यावर अधिकाऱ्यांनी थंड हवा खावी, असा तेथील क्रम होता. वसाहतीच्या प्रमुखाचे उन्हाळी निवासस्थान याच डोंगरावर असे.

८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वसाहतीच्या पाहणीसाठी आला. दिवसभराचे काम आटोपल्यावर सायंकाळी तो या डोंगरावर चढला. आजाऱ्यांसाठी येथे आरोग्यधाम उभारता येईल काय, हे त्याला पाहावयाचे होते. माथ्यावर बसून त्याने सूर्यास्त पाहिला. खाली उतरेपर्यंत अंधार पडला आणि मशालींच्या उजेडात मंडळी होपटाऊनच्या धक्क्यावर पोहोचली. तेथे दबा धरून बसलेल्या शेर अली आफ्रिदीने मागून झडप घालून मेयोच्या पाठीत सुरी खुपसली. समोर उभ्या असलेल्या ‘ग्लासगो’ जहाजावर लेडी मेयो वाट पाहत होती; तेथे पोहोचण्यापूर्वीच व्हाइसरॉयचा प्राण गेला. अधिकारावर असताना खून झालेला हिंदुस्थानचा हा एकमेव व्हाइसरॉय.

शेर अली हा सरहद्दीवरील पठाण. पेशावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या चाकरीत असताना १८६७ साली खुनाच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली होती. अंदमानात चांगल्या वर्तनामुळे त्याला होपटाऊनमध्ये न्हाव्याचा धंदा करण्याची मुभा मिळाली होती. ११ मार्च १८७२ रोजी व्हायपर बेटावर त्यास फाशी देण्यात आले.

या डोंगराने आणखी एक बंदिवास पाहिला. १८९१ च्या युद्धात मणिपूरचा पाडाव झाल्यावर युवराज टिकेंद्रजित आणि थांगल जनरल यांना इंफाळमध्ये फाशी दिले गेले. महाराज कुलचंद्र आणि त्यांचे सहकारी यांना काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. सेल्युलर जेलच्या बांधकामास १८९६ मध्ये प्रारंभ व्हावयाचा होता. म्हणून या मंडळींना माउंट हॅरिएटवर ठेवले गेले. त्यांच्या स्मरणार्थ ऑक्टोबर २०२१ मध्ये या डोंगराचे नाव ‘माउंट मणिपूर’ असे झाले.

१९०६ मध्ये सेल्युलर जेल पूर्ण झाला. त्याच्या कोठडीतील झरोका जमिनीपासून सुमारे तीन मीटर उंचीवर आहे. १९११ साली तेथे आलेल्या सावरकरांसारख्या राजबंद्यांच्या वाट्याला आला तो त्या झरोक्यातून दिसणारा आकाशाचा तुकडा. चहूकडे पसरलेला सागर दृष्टीस पडू नये, हाही त्या शिक्षेचाच भाग झाला होता. आज कोणीही प्रवासी डोंगरावर चढून तो सागर मनसोक्त पाहू शकतो. त्याने तो अवश्य पाहावा. मात्र ज्यांना या बेटावर राहूनही तो पाहता आला नाही, त्यांची क्षणभर आठवण ठेवूनच खाली उतरावे.