रस्त्यावरचा चालता इतिहास

नित्याच्या वाटेवर एखादी जुनी अँबॅसडर किंवा पद्मिनी दिसली की आम्ही मान वळवून पाहतो. आज नवलाची वाटणारी ही वाहने एके काळी सर्वांत सामान्य होती.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. तेव्हापासून शेवरोले आणि पुढे फोर्डही आपल्या रस्त्यांवर धावत. १९५३ साली शासनाने ठरविले की, परदेशी सुटे भाग केवळ जोडणाऱ्यांना येथे स्थान नाही. मोटार इथेच घडली पाहिजे. दोन्ही कंपन्यांनी काम आवरले आणि रस्त्याचे रूप पालटले. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट व मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, या तिघींतच बहुतेकांची निवड संपे. कुर्ल्याचा कारखाना प्रीमियर कंपनीचा. १९४४ साली ती स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे सुपुत्र. त्यांची फियाटच पुढे 'पद्मिनी' झाली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि या गाड्यांची सद्दी ओसरू लागली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनी टॅक्सीने २०२३ साली मुंबईचा निरोप घेतला.

दुर्मिळता मोटारीच्या अंगी नसते. काळ ती देतो. म्हणून परप्रांती वाढणाऱ्या आमच्या मुलांनी अशा गाडीकडे बोट दाखविले, तर आम्ही नुसते नाव सांगून थांबू नये. ती कोठे घडली आणि का घडली, हेही सांगावे.