वामनदादांचा प्रश्न डीजेवर का वाजत नाही?

भीमजयंतीला डीजे असावा की नसावा, यावर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. शिकलेले लोक पोरांना नावे ठेवतात आणि पोरे त्यांना 'मिरवणुकीत न येणारे' म्हणून मोडीत काढतात. आम्ही रेणापूर तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करतो आणि दोन्ही बाजू रोज ऐकतो. आमचे म्हणणे असे की हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. प्रश्न आवाजाचा नाही, त्या आवाजातून काय बोलले जाते याचा आहे. हे समजून घ्यायचे तर लोककवी वामनदादा कर्डक यांची वाटचाल पाहावी लागेल.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. शाळा नशिबात नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली. तिथे मिळेल ती मजुरी केली. चाळीत एकाने पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही, ही सल त्यांना लागली. त्यानंतर देहलवी मास्तरांकडून त्यांनी अक्षरे गिरवली. तरुणपणी अक्षर शिकलेल्या या माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली. 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे संग्रह आले. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

आता तरुणांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. १९४३ साली वामनदादांनी पहिले गाणे रचले, ते एका हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. म्हणजे त्या काळी लोकांच्या ओठांवर जी चाल होती, तीच त्यांनी उचलली. चाल बाजारातली, शब्द आपले! सत्यशोधक जलशाने तमाशाचा बाज घेऊन गण-गवळणीच्या जागी विचार बसवला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तीच वाट पुढे नेली. लोकांना आवडणारे वाद्य आणि ठेका आपण कधीच विटाळ मानला नाही. मग डीजेच तेवढा विटाळ का मानायचा?

पण वामनदादा चालीवर थांबले नाहीत. त्यांची गाणी फक्त जयजयकाराची नाहीत. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असा जाब त्यांनी बड्या उद्योगपतींची नावे घेऊन विचारला. आणि तेवढ्याच कडकपणे आपल्या लोकांनाही विचारले की बाबासाहेबांच्या मताचे खरे लोक आपल्यात आहेत तरी किती? गटातटात फुटलेल्या पुढाऱ्यांना झोंबेल असा हा प्रश्न होता. आजही झोंबतो.

मराठवाड्याला या गाण्यांचे मोल वेगळे सांगायला नको. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा खून झाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधली सोळा वर्षे वर्तमानपत्र न वाचणाऱ्या, घर जळालेल्या माणसाला चळवळीत धरून कोणी ठेवले? सभांनी ठेवले, मोर्चांनी ठेवले आणि ढोलकी-पेटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गायन पार्ट्यांनीही ठेवले.

नाचायच्या संगीतात प्रश्न विचारता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आफ्रिकेकडे पाहावे. जमैकातल्या गरीब वस्त्यांत रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावून नाच चालत, त्यातून डान्सहॉल हे संगीत वाढले. झिम्बाब्वेचा विंकी डी हा गायक त्याच ठेक्यावर बेकारी, गरिबी आणि लुटारू श्रीमंतांबद्दल गातो. २०२३ साली पोलिसांनी त्याचा चालू कार्यक्रम बंद पाडला. स्पीकरला सत्ता घाबरत नाही, स्पीकरमधून निघणाऱ्या प्रश्नाला घाबरते.

आपल्या रीमिक्समध्ये नेमका हा प्रश्नच गळतो. मुखडा राहतो, ठेका राहतो आणि तोच मुखडा पुन्हा पुन्हा वाजतो. वामनदादांचा जाब मात्र अंतऱ्यात असतो. शेवटच्या अंतऱ्यात त्यांची 'वामन' ही नाममुद्रा असते. अंतरे कापले की विचार जातो आणि कवीचे नावही जाते. पोरगे रात्रभर वामनदादांच्या गाण्यावर नाचते, पण ते गाणे वामनदादांचे आहे हे त्याला ठाऊक नसते! याचा फायदा कोणाला? जे बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतात आणि त्यांच्या विचाराला भितात, त्यांनाच.

दुसरी बाजू वर्गणीची. डीजेसाठी हात सैल सुटतो आणि गायन पार्टीला मानधन द्यायची वेळ आली की तोच हात आखडतो. वस्तीतला पेटीवाला म्हातारा गेला की त्याच्या तोंडी असलेली गाणीही जातात. ही आपल्या इतिहासाची हानी आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, डीजे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. गाणे पूर्ण वाजवा, शेवटच्या अंतऱ्यापर्यंत. जयंतीच्या आठवड्यातली एक संध्याकाळ गायन पार्टीला द्या आणि मानधन आधी ठरवा. जुन्या गायकांची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करा, कवीचे नाव विचारून लिहून ठेवा. ज्याला ठेका जमतो त्याने नवे शब्द लिहावेत, शिष्यवृत्तीवर, रोजगार हमीवर, गायरानावर. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्यांचा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

जय भीम!