तिसरी शिदो

२९ जुलै २०२४, सोमवार. घड्याळ आपलं धरू; पॅरिस साडेतीन तास मागे.

दुपारी १.३०
शाँ-द-मार्स अरीनात ऑलिंपिकमधल्या महिलांच्या ५७ किलो गटाच्या ज्युदो लढती सुरू झाल्या. कोरियाची हॉ मिमी २१ वर्षांची. जन्म टोकियोचा, वडील कोरियन, आई जपानी. २०२१मध्ये आजी गेली. नातीनं कोरियाकडून खेळावं ही तिची अखेरची इच्छा होती. मिमी कोरियाला आली आणि तिथे कळलं की जपानी राजवटीविरुद्ध लढलेल्या हॉ सॉक यांची ती वंशज आहे. २०२३मध्ये तिनं जपानी नागरिकत्वही सोडलं. आजीच्या शब्दासाठी एवढं करणारी मुलगी मला फार मोठी वाटते.

दुपारभर
मिमीसमोर इस्राएलची टिम्ना नेल्सन-लेव्ही हरली, मग मंगोलियाची ल्खागवातोगू. आपले डोळे तेव्हा नेमबाजीवर होते. अर्जुन बबुता चौथा आला.

संध्याकाळी ७.३०
डोंबिवली-कल्याणच्या फलाटांवर कामावरून परतणाऱ्यांची गर्दी उतरत होती, तेव्हा पॅरिसमध्ये अखेरचं सत्र सुरू झालं. उपांत्य फेरीत समोर ब्राझीलची राफाएला सिल्वा, रिओची सुवर्णविजेती. चार मिनिटांत निकाल लागला नाही. मग गोल्डन स्कोअर, म्हणजे जादा वेळ: पहिला गुण घेईल ती जिंकते, वेळेची मर्यादा नसते. मिमी तिथे जिंकली. रौप्य पक्कं झालं. कोरियन महिलेचं ज्युदोतलं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण १९९६चं, चो मिन-सनचं.

रात्री नऊच्या पुढे-मागे
अंतिम लढत. समोर कॅनडाची क्रिस्ता देगुची. तीही जपानमध्ये जन्मलेली आणि वडिलांच्या देशाकडून खेळणारी. दोन महिन्यांपूर्वी अबू धाबीत जागतिक विजेतेपदासाठी याच दोघी झुंजल्या होत्या. तेव्हा तिसरी शिदो देगुचीला मिळाली आणि मिमी जिंकली.

शिदो म्हणजे पंचांची ताकीद. तिसरीला खेळाडू बाद. इप्पॉन ही आपल्या कुस्तीतल्या चितपटीसारखी, कुणालाही दिसते. शिदोचं तसं नाही. मिमीचा हुकमी डाव म्हणजे झपकन खाली बसून, प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली शिरून खांद्यावरून फेकणं. डाव लागला तर डोळे दिपतात. नाही लागला, तर ती नुसतीच गुडघ्यांवर पडलेली दिसते आणि पंचांना तो खोटा हल्ला वाटू शकतो. फेकायचंच नव्हतं, नुसता देखावा केला, असा त्या आरोपाचा अर्थ.

चार मिनिटं संपली
गुण कुणालाच नाही. पुन्हा गोल्डन स्कोअर. दोघींच्या नावावर दोन-दोन शिदो. आता जिला पुढची मिळेल, ती हरणार. मिमी थांबून राहिली नाही. ती आत शिरतच राहिली.

गोल्डन स्कोअर, २ मिनिटं ३५ सेकंद
मिमी पुन्हा खाली शिरली. देगुची पडली नाही. पंचांनी लढत थांबवली: खोटा हल्ला. मिमीची तिसरी शिदो.

कॅनडाचं ज्युदोतलं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. कोरियाच्या प्रशिक्षक किम मी-जंग, स्वतः १९९२च्या सुवर्णविजेत्या, या निर्णयावर नाराज होत्या. मलाही तो पटत नाही: मागे सरणारीपेक्षा पुढे येणारीच दंडित झाली. पण अबू धाबीचं सुवर्णही मिमीला शिदोनंच दिलं होतं, हे लपवून हळहळणं मला जमणार नाही. मिमीनं तक्रार केली नाही. हाही खेळाचाच भाग आहे, असं ती म्हणाली. शिदोचे नियम बदलायला हवेत, असं पत्रकारांना सांगितलं ते जिंकलेल्या देगुचीनं.