बीप का वाजतं आणि गप्प का बसतं? पार्किंग सेन्सरची गोष्ट, उजनीकाठावरून

आजचा विषय छोट्या रुपयाएवढा आहे: गाडीच्या मागच्या बंपरमधला तो गोल डोळा. त्याला आपण डोळा म्हणतो खरं, पण तो आहे कान. आणि तोंडही तोच. एवढं लक्षात ठेवलंत की त्याची बिघाडं निम्मी समजली.

सुरुवात 1880 मध्ये, पॅरिसला. झाक आणि पिएर क्युरी या भावांना दिसलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यात वीज तयार होते. उलटं केलं, म्हणजे वीज दिली, तर स्फटिक किंचित थरथरतो, हेही पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली. काही आठवड्यांतच लुईस रिचर्डसन यांनी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून हिमनग ओळखण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. मग पहिलं महायुद्ध आलं. पिएर क्युरींचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून पाण्याखाली आवाज सोडायचं आणि पाणबुडीवरून परतलेला ऐकायचं यंत्र बनवलं. सोनार ते हेच.

हेच तंत्र पुढे हवेत आलं. 1978 मध्ये पोलरॉइडने कॅमेऱ्याचा फोकस प्रतिध्वनीवर लावला. 1982 मध्ये टोयोटाच्या कोरोना गाडीत मागे बघणारा 'बॅक सोनार' आला. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या प्रवासी कारना मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला. महागड्या गाडीतली चैन टेंभुर्णीच्या बाजारातल्या साध्या गाडीतही दिसायला लागली ती तेव्हापासून.

हा बोलतो कसा?

सेन्सर साधारण 40 ते 58 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो. माणसाला ऐकू येतं ते जेमतेम 20 पर्यंत. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीला लागून परत यायला सहा मिलिसेकंदही लागत नाहीत. त्या वेळेवरून अंतराचा हिशोब होतो. आवाज सोडल्यावर पडदा क्षणभर थरथरत राहतो, घंटेसारखा. ती थरथर शांत होईपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही. म्हणून अगदी वीतभर अंतरावरचं त्याला नीट मोजता येत नाही.

आता आपल्या भागात या. करमाळ्यातलं कुगाव, वांगी, ढोकरी, कंदर, माढ्यातलं भीमानगर. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, यशवंतसागरात 117 टीएमसी पाणी मावतं. काठाला गाळाची जमीन, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. सेन्सरचा शत्रू हाच. पडद्यावर वाळलेला चिखल बसला की थरथर बदलते, आणि यंत्राला वाटतं समोर काहीतरी आहे. मागे कुणी नसताना बीप, बीप.

तपासायचं कसं?

आधी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि रिव्हर्स गिअर टाका. गाडीमागे उभं राहू नका, बाजूला राहा.

पहिलं काम, ओल्या मऊ कापडाने पुसा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी जवळून थेट सेन्सरवर मारू देऊ नका, पाणी आत शिरतं. पुसून बीप थांबलं तर खर्च शून्य.

दुसरं, एकेका सेन्सरवर बोट हलकेच टेकवा. चालू असलेला टिकटिकतो, बोटाला जाणवतं. मुका असेल तो कळतो. चारही मुके असतील तर सेन्सरला दोष देऊ नका. फ्यूज, रिव्हर्स लाइटची वायर आणि कंट्रोल बॉक्स पाहा. बाहेरून बसवलेल्या बहुतेक सेटना वीज रिव्हर्स लाइटवरूनच मिळते.

तिसरं, एकच मुका असेल तर त्याची शेजारच्या चांगल्याशी अदलाबदल करा. बिघाड सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर गेला. जागेवरच राहिला तर वायर किंवा कनेक्टर. कनेक्टर उघडून बघा, पिनांवर हिरवट गंज चढलेला असतो. उंदरांनी वायर कुरतडलेलीही सापडते.

सेन्सर आतून रसायनाने भरून बंद केलेला असतो, उघडून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. घेताना त्याच मॉडेलचा घ्या. बंपरला रंग मारताना पडद्यावर जाड थर दिला तर नवाही बहिरा होतो. बाहेरून बसवलेल्या सेन्सरवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो. तो उलटा बसला की सेन्सर जमीन बघतो आणि कायम ओरडतो. टोइंगचा हूक किंवा वाकलेली नंबर प्लेटही तेच करते.

आणि खरी गोष्ट इथे आहे.

खोटं वाजणारा सेन्सर लोक वैतागून वायर काढून बंद करतात. मागे लहान पोर उभं असतं तेव्हा मग सांगणारं कुणी नसतं. पण त्याहून फसवी असते त्याची शांतता. उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये जाते; 2024 मध्ये ती वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेली. पाणी मागे सरकतं, तसे मोटारी, पाइप आणि केबल घेऊन शेतकरी पाण्यामागे जातात. गाडी गाळातून रिव्हर्स घेत काठापर्यंत नेली जाते. सेन्सर आडवा आवाज सोडतो. खाली उतरत जाणारा काठ, पाण्याचा सपाट पृष्ठभाग त्याला दिसतच नाही, कारण तिथून प्रतिध्वनी परत येत नाही. बारीक खांब, तार, पोत्यांसारख्या मऊ वस्तूही अशाच निसटतात.

म्हणून मंडळी, बीप वाजत नाही याचा अर्थ 'मागे मोकळं आहे' असा नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की आवाज परत आला नाही. लांजव्हँच्या यंत्रालाही हेच लागू होतं. पाण्याजवळ रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरवा, बाजूला उभा करा आणि त्याचं ऐका. सेन्सर त्याला मदत करेल, त्याची जागा घेणार नाही.

तुमच्या गाडीचा सेन्सर कशाने बिघडला होता ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा.